दोन लॅपटॉप आणि उत्तरेची खोली

साठाव्या वाढदिवसाला आलेली दोन्ही खोकी एकाच मापाची निघाली, तेव्हाच गुड्रूनला शंका आली.

निळ्या कागदातलं खोकं थोरल्या भावाचं, प्रेबेनचं. तांबड्या कागदातलं धाकट्या बहिणीचं, मेरेटेचं. मेरेटे कालच कोपनहेगनहून आली होती आणि आल्यापासून ते खोकं कुणाच्या हाताला लागू देत नव्हती. टेबलावर छोटे झेंडे, ताजे पाव, लोणी, चीज, वहिनीने, बोडिलने केलेला थरांचा केक आणि कडवट दारूचे रिकामे प्याले. भल्या सकाळी खिडकीखाली उभं राहून गाणं म्हणणारी गिरणीतली मंडळी ते प्याले रिकामे करून केव्हाच कामाला लागली होती. आता उरली होती फक्त घरची माणसं.

"उघड की!" मेरेटे म्हणाली. "तांबडं आधी."

"निळं आधी," प्रेबेन म्हणाला. "थोरला मी आहे."

"म्हणजे आता खोकीसुद्धा वयाने उघडायची?"

गुड्रूनने मुद्दाम दोन्ही कागद एकदमच फाडले. एकातून काळा लॅपटॉप निघाला, दुसऱ्यातून चंदेरी. दोन्ही पडदा वळवून पाटीसारखे मांडीवर घेता येणारे, दोन्ही पेनाने थेट पडद्यावर रेखाटता येणारे, दोन्ही दुकानातले सगळ्यात महागडे.

सगळी आळीपाळीने दोन्हींकडे बघायला लागली.

"दोन?" तिघांचा बाप, म्हातारा आस्गर म्हणाला. वय झालं होतं, कानात यंत्र होतं, पण लोकरीची ती गिरणी अजून त्याच्याच नावावर होती आणि टेबलाच्या टोकाची खुर्चीही त्याचीच. "माझ्या माहितीप्रमाणे पोरीला डोकं एकच आहे."

"तू लॅपटॉप घेणार होतास?" मेरेटे भावावर उखडली. "मी तुला फोनवर सांगितलं होतं, मी घेतेय म्हणून!"

"तू म्हणालीस, बघतेय. बघणं वेगळं आणि घेणं वेगळं. नवरासुद्धा तू गेली कित्येक वर्षं बघतेच आहेस."

प्रेबेनची बायको बोडिल खुदकन हसली आणि मेरेटेचा चेहरा पाहून लगेच पावाला लोणी लावायला लागली.

गुड्रून मात्र दोन्ही झाकणांवरच्या चिकटचिठ्ठ्यांकडे बघत होती. 'बदलून मिळेल' अशी चिठ्ठी. ती नसलेली भेट या घरात कुणी कुणाला दिली नव्हती. नाही आवडली तर गुपचूप जाऊन बदलून आणा, मन दुखवायला नको. चिठ्ठी सोलून टाकली की भेट आपली झाली. ही रीत गुड्रूनला नेहमी शहाणपणाची वाटायची. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण चिठ्ठ्या चिकटवतो ते समोरच्याला विचारायचं टाळता यावं म्हणून.

आणि या वेळी तर विचारायचीही गरज नव्हती! महिनाभर आधी तिने रीतीप्रमाणे आपल्याला काय हवंय त्याची यादी सगळ्यांना पाठवली होती. त्यात एकच ओळ होती. पडदा वळणारा, पेनाचा लॅपटॉप हवाय. कुठला ते माझं मी ठरवणार आहे, तुम्ही फक्त हातभार लावा. यात न कळण्यासारखं काय होतं? या घरात यादीबाहेरची भेट एकदाच दिली गेली होती, ती म्हणजे आजोबांनी आजीला दिलेली शिकारीची बंदूक, आणि त्यावरून आजी वर्षभर माहेरी जाऊन राहिली होती.

"यादीत मी काय लिहिलं होतं?" तिने विचारलं.

"लॅपटॉप!" दोघं एका सुरात म्हणाली. इतका वेळ भांडत होती, आणि सूर मात्र कसा लागला बघा.

"आणि पुढे?"

"अगं, पुढे ते तू उगीच भिडेखातर लिहिलं होतंस," मेरेटे लाडात म्हणाली. "तुला कुठे ते दुकानात जाऊन निवडत बसायला लावायचं? त्यातलं आपल्याला काय कळतं?"

गुड्रूनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला! उन्हाळाभर होल्स्टेब्रोच्या त्या दुकानात पिशवीत लोकरीचे गोळे घालून कोण जात होतं? हाच काळा आणि हाच चंदेरी शेजारी शेजारी ठेवून, एकेक गोळा पडद्याला लावून, कुठे राखाडी राखाडी दिसतो आणि कुठे हिरवट मारतो ते कोण बघत होतं? दुकानातली माणसं तिला नावाने ओळखायला लागली होती. ब्रान्स्ट्रूप गिरणीचा प्रत्येक स्वेटर, प्रत्येक टोपी, प्रत्येक हातमोजा आधी तिच्या हातून चौकटीच्या कागदावर उतरायचा, एका चौकटीला एक टाका. तिच्याआधी आईच्या, एलेनच्या हातून. लोकांच्या अंगावर तिचे नमुने होते आणि घरच्यांना वाटत होतं, तिला यातलं काय कळतं.

"मला कळतं," ती म्हणाली.

कुणी ऐकलंच नाही. दोघं आपापलं यंत्र उघडून बसली होती.

"हे बघ," प्रेबेनने काळ्याचा पडदा मागे, मागे, पार पाठीला पाठ लागेपर्यंत वळवला. "पूर्ण फिरतो. तंबूसारखा उभा कर, विणताना समोर नमुना दिसतो. पेन पोटातच खोचलेलं, हरवायची भीती नाही. आणि वजन? उचलून बघ. पिसासारखा!"

"आणि पडदा?" मेरेटेने नाक मुरडलं. "सगळे रंग आजारी दिसतात त्यावर. हा बघ माझा. पडदा नुसता पुढे ओढायचा, की असा तिरका होऊन कुशीत येतो. चित्रकाराच्या फळीसारखा. आणि रंग बघ! खावेसे वाटतील."

"रंग खायला ती काय मेंढी आहे? पेन कुठाय तुझं?"

"कडेला चिकटतं. चुंबकाने."

"म्हणजे आठवडाभरात सोफ्याखाली. आणि तापतो किती! मांडीवर ठेवला तर माणूस शिजेल."

"तुझं पोट मांडीवर असतं म्हणून तुला तसं वाटतं."

"पोरांनो," आस्गर म्हणाला. प्रेबेनला पेन्शन लागायला थोडीच वर्षं उरली होती.

"आई, तू दोन्हीवर काढून बघ ना," सिग्ने म्हणाली. गुड्रूनची ही एकुलती एक लेक. आल्बोर्गच्या बेकरीतली नोकरी गेल्यावर वसंतात घरी परत आली होती आणि तेव्हापासून जरा गप्प गप्प असायची. सकाळपासून हे तिचं पहिलंच वाक्य. "आठ पाकळ्यांचा तारा काढ. नेहमीचा."

हे बरं होतं. निदान कुणीतरी हातात पेन तरी देत होतं. गुड्रूनने काळा पुढ्यात घेतला. पडद्यावर चौकटी आखल्या आणि एकेक चौकट भरायला लागली. पेन छान चालत होतं, कागदासारखं किंचित अडत अडत. मग चंदेरी घेतला. इथे पेन जरा घसरत होतं, पण राखाडी रंग घातला आणि तिचा हात थांबला. तोच राखाडी. फ्योर्डच्या, त्या लांब खाडीच्या काठच्या मेंढ्यांचा, न रंगवलेला. दुकानातही ती नेमकी इथेच अडकायची. एकाचा हात चांगला, दुसऱ्याचा डोळा चांगला. काळा हलका, गिरणीत खाली लोकर रंगवायच्या कढईपाशी नेऊन लगेच वर आणता येईल असा. चंदेरी जड, पण खरं बोलणारा. सगळा उन्हाळा तिने या एका प्रश्नावर घालवला होता आणि मनातल्या मनात त्याची मजा घेतली होती. साठीला स्वतःच्या कामाचं हत्यार स्वतः निवडायचं, एवढीच तर हौस होती.

प्रेबेन आणि मेरेटे तिच्या दोन खांद्यांमागे उभी होती, घोड्यांच्या शर्यतीला उभं राहावं तशी.

"दमली बघ ती चंदेरीवर," प्रेबेन म्हणाला. "जड आहे. तिचा गुडघा गेल्या थंडीपासून दुखतोय, हे वजन घेऊन जिना चढणार का ती?"

"जिना कशाला चढेल?" मेरेटे म्हणाली. "तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तर राहणार आहे तो. तिथे वजनाचा काय संबंध?"

प्रेबेनने मेरेटेकडे बघितलं. मेरेटेने ओठ मिटले. बोडिलच्या हातातली सुरी लोण्यात तशीच राहिली.

"स्वयंपाकघरात का?" गुड्रून म्हणाली. "मी माझ्या खोलीत काढते."

माझी खोली म्हणजे गिरणीतली वरची, उत्तरेच्या खिडकीची. तिथे दिवसभर उजेड एकसारखा असायचा, म्हणून रंग खोटं बोलत नसत. भिंतीभर आईच्या वेळेपासूनचे विणलेले तुकडे टाचलेले. खाली सूत काढायचं यंत्र चालू झालं की जमीन पायाला बारीक थरथरायची. त्या थरथरीशिवाय तिला रेघ सुचायची नाही.

"अगं म्हणजे... कधीकधी," मेरेटे म्हणाली. "घरूनही करता येईल ना आता."

"मेरेटे, माझ्याकडे बघून बोल."

मेरेटेने प्रेबेनकडे बघितलं. काय गंमत, आत्ताच एकमेकांची उणीदुणी काढणारी ही दोघं आता एकमेकांना डोळ्यांनी सांगत होती, तू बोल, नाही तू बोल.

"आज सांगायचंच होतं," शेवटी प्रेबेन म्हणाला. "केक कापल्यावर. चांगली बातमी म्हणून. गुड्रून, उन्हाळ्यात किती लोक येतात गिरणी बघायला, तुला माहीतच आहे. येतात, बघतात आणि कॉफी प्यायला दुसऱ्या गावाला जातात. वरच्या खोलीतून फ्योर्ड दिसतो. तिथे कॉफीघर काढायचं. मेरेटेच्या ओळखीचा तो ऑर्हूसचा वास्तुविशारद येऊन बघूनही गेला."

"कधी?"

"रविवारी. तू चर्चमध्ये होतीस तेव्हा."

"माझ्या खोलीत परका माणूस आला आणि मी चर्चमध्ये!"

"परका नाही गं, फार गोड माणूस आहे," मेरेटे म्हणाली. "आणि तुझे ते तुकडे आहेत ना, ते तो भिंतीवर तसेच ठेवणार आहे. सजावट म्हणून."

सजावट! गुड्रूनच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आईने ज्यावर डोळे घालवले ते तुकडे लोकांनी केक खाता खाता बघायचे, आणि जी अजून जिवंत आहे, जिचा हात अजून चालतो, तिने घरी स्वयंपाकघरात दक्षिणेच्या उन्हात बसायचं. तिला आत्ता कुठे उमगलं, दोघांनी दोन वेगळे लॅपटॉप का आणले ते. खोली घ्यायची हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. भांडण एवढंच होतं की बदल्यात गोड भेट कुणी द्यायची. कुणाच्या लॅपटॉपवर बसून गुड्रूनने हसतमुखाने निरोप घ्यायचा.

"ही भेट नाही," ती म्हणाली. "ही लाच आहे. आणि तीसुद्धा तुम्हाला एक मत होऊन देता आली नाही."

"असं काय बोलतेस!" प्रेबेनचा चेहरा लाल झाला. "तूच तर मागितलास! यादीत लिहिलंस! आम्हाला वाटलं, गुडघ्याने बेजार झालीय, घरून काम करायचंय, तोंडाने सांगायला संकोचतेय, म्हणून असं सुचवतेय."

"आम्हाला वाटलं! विचारलंत का?"

"बाबांना दाखवली ना यादी. बाबा हो म्हणाले."

गुड्रून हळूच वळली. खरं दुखलं ते इथे. आस्गर कानातलं यंत्र बोटाने दाबत होता, ऐकू येत होतं तरी.

"बाबा?"

"प्रेबेन म्हणाला, तुला घरी बसायचंय," म्हातारा म्हणाला. "यादी दाखवली. लॅपटॉप मागतेय म्हणजे खोली सोडतेय. मला वाटलं, बरोबर आहे. एलेन असती तर तिनेही..." तो थांबला. "मला वाईट वाटलं होतं गं. पण तुझी इच्छा आहे म्हटल्यावर मी कोण आडवा येणार?"

"मी लॅपटॉप त्या खोलीसाठी मागितला, बाबा! खिडकीपाशी ठेवायला. हातात धरून कढईपाशी न्यायला. एकाच वेळी लोकर आणि नमुना समोर दिसावा म्हणून. कागदावर रंग बदलायचा तर मला अख्खा नमुना पुन्हा काढावा लागतो, म्हणून! मला अजून खूप काढायचंय म्हणून मागितला. आणि तुम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ काय लावलात? की म्हातारीला रिटायर व्हायचंय!"

तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. सरळ सरळ एक गोष्ट मागितली आणि तीच आपल्याविरुद्ध साक्षीला उभी केली. नसतं मागितलं तर निदान हे निमित्त तरी मिळालं नसतं.

"बाबा, आता ते कळलंच ना तुम्हाला," मेरेटे मऊ आवाजात म्हणाली, "पण खरं सांगा, गिरणीला पैसा लागतो की नाही? भावनेवर छप्पर दुरुस्त होत नाही." गेल्या शरदात लोकर रंगवायच्या शेडचं छप्पर गळलं होतं, ते प्रकरण तिने मुद्दाम काढलं.

"बरोबर बोलतेय ती," प्रेबेन म्हणाला. "आणि नुसतं आमचं नाही त्यात. ते कॉफीघर सिग्ने चालवणार आहे."

गुड्रूनला वाटलं, कुणीतरी खुर्ची ओढून घेतली. सिग्नेने मान खाली घातली होती.

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे," सिग्ने पुटपुटली. "होल्स्टेब्रोला जाऊन जाऊन तू लॅपटॉप बघत होतीस. प्रेबेनमामा म्हणाला, आईची तयारी चाललीय, पण आत्ता विषय काढू नकोस, तिला हळवं व्हायला होतं. म्हणून मी बोलले नाही. आई, मला खरंच वाटलं, तू ती खोली मला देतेयस."

भावाला झापता येतं, बहिणीला टाकून बोलता येतं. पण लेक तिथे पीठ मळायचं, भट्टी लावायचं स्वप्न बघत उन्हाळाभर गप्प बसली होती, आणि आता तिला नाही म्हणायचं म्हणजे भावाबहिणीच्या लबाडीची शिक्षा हिला. हीच तर यांची चलाखी! पोरीला पुढे केलं की आई गप्प बसेल. गुड्रूनला इतका संताप आला की डोक्यात एकदम स्वच्छ झालं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "कॉफीघर व्हायलाच हवं."

प्रेबेनने सुटकेचा श्वास सोडला आणि केकचा मोठा तुकडा ताटलीत घेतला.

"प्रेबेन, तुझ्या ऑफिसात पाण्याचा नळ आहे ना?"

"आहे. का?"

"आणि दार अंगणात उघडतं. फ्योर्ड तिथूनही दिसतो. तू पाठ करून बसतोस म्हणून तुला दिसत नाही, एवढंच. आणि म्हाताऱ्या पाहुण्यांना जिना चढायला नको. गुडघ्यांची तुला फार काळजी असते."

घास प्रेबेनच्या तोंडात राहिला.

"दिवसभर तू काय करतोस तिथे?" गुड्रून म्हणाली. "टोमणा नाही, खरंच विचारतेय. सांग बाबांना."

"काय करतो म्हणजे? मेल असतात. फोन असतात. मालाच्या ऑर्डरी, हिशेब..."

"त्यातलं यात काय मावत नाही?" तिने काळा लॅपटॉप उचलून त्याच्या ताटलीशेजारी ठेवला. "पिसासारखा हलका. पूर्ण फिरतो. पेन पोटात, हरवायची भीती नाही. तुझ्या मेलला उत्तरेचा उजेड लागत नाही, प्रेबेन. तुझ्या फोनला पायाखाली थरथर लागत नाही. तुझं काम पिशवीत मावतं. माझं नाही मावत. घरून काम करण्याजोगा या गिरणीत एकच माणूस आहे आणि तो तू आहेस."

"काय?" एवढा वेळ गप्प असलेली बोडिल किंचाळली. "माझ्या घरात? दिवसभर?"

"स्वयंपाकघरातलं टेबल आहे की," गुड्रून म्हणाली.

"मुळीच नाही! शनिवार-रविवार सांभाळते तेच पुष्कळ झालं! बाबा, यांना सांगा!"

"अरेच्चा, बोडिल, आधी तर तूही हो म्हणाली होतीस," मेरेटे म्हणाली. "गुड्रूनने घरून काम केलं तर किती छान, असं तूच..."

"गुड्रून तिच्या घरी बसणार होती! माझ्या नाही!"

आस्गरच्या खांद्यांना आधी नुसता हेलकावा बसला. मग तो हसायलाच लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी तो असा हसत होता.

"बाबा, हसताय काय!" प्रेबेन उठून उभा राहिला. "मी गिरणी चालवतो! लोक मला भेटायला येतात! मी काय बोडिलच्या भाजीच्या टोपल्यांमध्ये बसून लोकांशी बोलू? मला माणसात धरता की नाही? माझ्या ऑफिसाचं काय करायचं हे मला न विचारता ठरवायला मी काय..."

तो मध्येच थांबला. स्वतःचेच शब्द त्याला ऐकू आले असावेत. गुड्रूनने मान डोलावली.

"बस खाली," आस्गर म्हणाला. हसणं ओसरलं होतं. "गिरणी अजून माझी आहे. मला खोटं सांगून हो म्हणवलंत, ते हो मी परत घेतो. एलेनची खोली गुड्रूनची आहे, तिचा हात चालतोय तोवर. आणि ऑफिसाचं म्हणशील तर, प्रेबेन, तुझी पाठ फ्योर्डकडे असते हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. पोरगी कॉफीघर खाली काढेल. तू मागच्या गोदामातला कोपरा घे. बोडिलची सुटका कर."

"देवाचे आभार," बोडिल म्हणाली.

मेरेटेने आवाज गोड करून शेवटचा प्रयत्न केला. "म्हणजे माझा चंदेरी तरी आवडला ना तुला? मी म्हटलंच होतं, रंग..."

"तू बोलू नकोस," गुड्रून म्हणाली. "रंग चांगले आहेत. तू वाईट वागलीस. दोन्ही खरं आहे."

तिने चंदेरीच्या झाकणावरची चिकटचिठ्ठी नखाने उचलली आणि सगळ्यांदेखत सोलून काढली. काळ्यावरची तशीच ठेवली.

"तुझ्या काळ्यावर चिठ्ठी आहे अजून," ती प्रेबेनला म्हणाली. "नको असेल तर बदलून घे. कॉफीचं मोठं यंत्र मिळतं त्याच दुकानात. सिग्नेला लागेलच."

चंदेरी लॅपटॉप काखोटीला मारून ती निघाली. जड होता, पण लोकरीचे गठ्ठे उचलणाऱ्या हातांना एवढं काही नव्हतं. अंगण ओलांडून ती गिरणीत गेली, यंत्रांमधून वाट काढत जिन्यापाशी आली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढली. गुडघा दुखत होता. मुकाट दुख, म्हणाली ती त्याला. मागून सिग्नेची पावलं येत होती, थोडं अंतर ठेवून.

खोलीचं दार उघडलं आणि गुड्रून उंबऱ्यावरच थबकली. जमिनीवर खडूने रेघा आखल्या होत्या. एक लांब चौकोन, खिडकीपासून थेट आईच्या खुर्चीपर्यंत. खुर्ची बाजूला सरकवलेली. काल ती केस कापायला गेली होती, तेवढ्या वेळात. सकाळभराचा राग आता कुठे जरा खाली बसत होता, तो पुन्हा उसळला.

"त्या वास्तुविशारदाचे हात तोडायला हवेत," ती म्हणाली.

"तो नाही आई," सिग्ने मागून म्हणाली. "मी आखल्या. इथे केकचं काउंटर यायचं होतं." तिने बाहीने नाक पुसलं, खाली बसली आणि तळहाताने खडू पुसायला लागली. पांढरा फराटा लाकडात आणखीच पसरला. "सॉरी. आत्ता पुसते सगळं."

गुड्रून बघत राहिली. रेघा सरळ होत्या. कोपरे काटकोनात, पट्टी लावून जपून आखलेले. हा हात तिच्या ओळखीचा होता.

तिने लॅपटॉप खिडकीपाशी टेबलावर ठेवला. भिंतीवरच्या खुंटीची गुंडाळलेली मोजपट्टी काढली आणि लेकीच्या मांडीवर टाकली.

"थांब, आधी मोज," ती म्हणाली. "एवढंच काउंटर खाली मामाच्या ऑफिसात बसतं का ते बघ. मग पूस."

सिग्नेने वर पाहिलं. मग पट्टीचं एक टोक तिने रेघेवर धरलं आणि दुसरं आईकडे केलं. गुड्रून वाकली, गुडघ्याला चार शिव्या घातल्या, आणि ते टोक घट्ट धरून आपल्या आईच्या खुर्चीपर्यंत गेली.